लोखंड गडचिरोलीचे, हिशेब कुणाकडे? लायबेरियाच्या आरशात आपले दोन जिल्हे

गेल्या वर्षभरात गडचिरोली जितक्या वेळा दूरचित्रवाणीवर दिसली, तितकी त्याआधीच्या दहा वर्षांत दिसली नसेल. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री अहेरीहून गर्देवाड्याला जाणाऱ्या एसटीत बसले. जुलैमध्ये चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे मोठ्या एकात्मिक पोलाद प्रकल्पाची पायाभरणी झाली. १५ ऑक्टोबरला माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवून उभा राहिला. बंदूक गेली आणि पोलाद आले, असा या बातम्यांचा एकत्र अर्थ लावला जातो. 'देशाचे स्टील हब', 'नवे जमशेदपूर' हे शब्द भाषणांत रोज ऐकू येतात.

बंदूक गेली याचा आनंद आहेच. एटापल्ली, भामरागडच्या माणसाने दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये चाळीस वर्षे काढली आहेत. प्रश्न पुढचा आहे. जमिनीखालून निघणाऱ्या संपत्तीचा हिशेब कोण ठेवणार आणि तो कुणाला दाखवणार? त्यासाठी जमशेदपूरपेक्षा पश्चिम आफ्रिकेतील एका छोट्या देशाकडे पाहिले तर अधिक समजते. त्याचे नाव लायबेरिया. लोकसंख्या सुमारे ५२ लाख. म्हणजे आपले चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून २०११ च्या जनगणनेत जी ३३ लाखांच्या आसपास भरली होती, तिच्या दीडपटीहून जास्त. जंगल, पाऊस, लोखंड, जंगलावर जगणाऱ्या जमाती, आणि सत्ता दूर समुद्रकाठच्या राजधानीत.

मुक्त झालेल्यांचे राज्य

लायबेरियाचा इतिहास आंबेडकरी चळवळीतल्या तरुणाने मुद्दाम वाचावा. अमेरिकेतील मुक्त झालेले काळे लोक १८२२ पासून या किनाऱ्यावर वसवले गेले. त्यांनी २६ जुलै १८४७ रोजी स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. सगळी आफ्रिका युरोपच्या टाचेखाली जात असताना हे एक काळ्या माणसांचे स्वतंत्र राष्ट्र उभे होते. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

पण ती तिथे संपत नाही. या वसाहतकऱ्यांची संख्या एकूण लोकसंख्येत अगदी थोडी होती. तरी १८७८ पासून १९८० पर्यंत जवळजवळ अखंड एकाच 'ट्रू व्हिग' पक्षाने राज्य केले आणि त्या पक्षाची सूत्रे याच घराण्यांकडे राहिली. आतल्या जंगलात राहणाऱ्या क्पेले, बासा, ग्रेबो, मानो, गिओ या मूळ जमातींना मतदानाचा हक्क १९४६ नंतर मिळू लागला, तोही मालमत्तेच्या अटीवर. १९३० मध्ये राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाने अहवाल दिला, की आतल्या जमातींच्या माणसांना सक्तीने पकडून स्पेनच्या फर्नांडो पो बेटावर मजुरीला पाठवले जात होते आणि त्यात बडे अधिकारी गुंतलेले होते. त्यावरून राष्ट्राध्यक्ष चार्ल्स किंग यांना राजीनामा द्यावा लागला. गुलामीच्या साखळीतून सुटलेल्यांच्या नातवंडांनी शंभर वर्षांत दुसऱ्याच्या पायात साखळी घातली. शोषितांचे वारस आपोआप न्यायी होत नाहीत, हे वाक्य आपण ब्राह्मणी व्यवस्थेवर बोलताना सहज विसरतो. त्याचा आपल्याशी काय संबंध, ते पुढे येईल.

आर्थिक बाजू अशी. १९२६ मध्ये फायरस्टोन या अमेरिकी टायर कंपनीला दहा लाख एकरांपर्यंत जमीन ९९ वर्षांसाठी, एकरी ६ सेंट दराने देण्यात आली. रबराची सोय झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष टबमन यांनी 'खुले दार' धोरण आणले आणि लोखंडाच्या खाणी सुरू झाल्या. निंबा पर्वतातील खनिज अमेरिकी-स्वीडिश कंपनीने १९६३ पासून रेल्वेने बुकानन बंदरात आणायला सुरुवात केली. खाणीजवळ येकेपा नावाचे टुमदार गाव वसले. दवाखाना, शाळा, तंत्रशिक्षणाची सोय, सगळे कंपनीचे.

त्या काळात लायबेरिया जगातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांत गणला जात होता. तरीही अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी देशाची पाहणी करून १९६६ मध्ये जे पुस्तक काढले, त्याचे नावच 'विकासाविना वाढ' असे होते. म्हणणे साधे होते. उत्पादन वाढते, निर्यात वाढते, सरकारी महसूल वाढतो, पण समाजाची रचना तसूभर बदलत नाही. नफा बाहेर जातो, महसूल राजधानीतील घराण्यांमध्ये फिरतो आणि आतला शेतकरी होता तिथेच राहतो. एवढ्या सुपीक देशात भात आयात करावा लागत होता. एप्रिल १९७९ मध्ये सरकारने तांदळाचे भाव वाढवण्याचा प्रस्ताव आणला तेव्हा मोन्रोव्हियात लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसे मेली. वर्षभरात, १२ एप्रिल १९८० ला, सॅम्युअल डो या सार्जंटने राष्ट्राध्यक्ष टॉल्बर्ट यांना ठार करून सत्ता घेतली. १९८९ च्या डिसेंबरात जे यादवी युद्ध पेटले त्याची पहिली ठिणगी पडली ती निंबा प्रांतात. होय, तोच लोखंडाचा निंबा. २००३ पर्यंतच्या दोन युद्धांत अंदाजे दोन ते अडीच लाख माणसे मेली. येकेपा ओस पडले.

युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत २००७ साली भारतातून महिलांची संपूर्ण पोलीस तुकडी मोन्रोव्हियाला गेली होती. जगातली ती अशी पहिलीच तुकडी, आणि ती सीआरपीएफची होती. आपल्या धानोरा-एटापल्लीच्या रस्त्यांवर जे दल दिसते, तेच.

शंभर रुपयांत किती?

आता सुरजागडकडे येऊ. एटापल्ली तालुक्यातील या पहाडावर ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉयड्स कंपनीला मिळाला. त्यावेळी खाणींचा लिलाव करण्याची पद्धत नव्हती. वनहक्क कायदा संसदेत २००६ च्या डिसेंबरात मंजूर झाला होता, पण त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले. म्हणजे पट्टा दिला गेला तेव्हा ग्रामसभेचा हक्क कागदावर छापला गेला होता, अंमलात नव्हता. याच पहाडावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि जानेवारीत दूरदूरच्या गोंड-माडिया गावांतून माणसे यात्रेला येतात.

नंतरचा इतिहास ठाऊक आहे. २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या उपाध्यक्षाची हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहणारी पंचाहत्तरहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून खाण नियमित सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात एटापल्लीत ग्रामसभांचे हजारो लोक खाणीविरोधात ठाण मांडून बसले होते. वर्षाला ३० लाख टनांची परवानगी २०२३ मध्ये एक कोटी टन झाली आणि २०२५ मध्ये ती २ कोटी ६० लाख टनांवर नेण्यात आली. हेडरीपासून कोनसरीपर्यंत खनिजाचा गाळ वाहून नेणारी नळवाहिनीही झाली. रस्त्यावरचे ट्रक त्यामुळे कमी होतील असे सांगतात. आलापल्ली-आष्टी मार्गावर ज्यांची माणसे अपघातात गेली त्यांना ते लवकर खरे व्हावेसे वाटेल.

पैशाचे गणित मात्र फार कमी लोक मांडतात. लोखंडाच्या खनिजावर रॉयल्टी १५ टक्के आहे. सरकारने जाहीर केलेल्या सरासरी विक्री किमतीवर ती मोजतात. म्हणजे १०० रुपयांच्या खनिजामागे १५ रुपये राज्याच्या तिजोरीत जातात, मुंबईत. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम त्यात भरावी लागते. १५ चे ३० टक्के म्हणजे साडेचार रुपये. शंभरातले हे साडेचार रुपये 'खाणबाधित भाग आणि खाणबाधित माणसे' या नावाने जिल्ह्यात राहतात. कोळशाचा हिशेबही जवळपास तसाच. रॉयल्टी १४ टक्के, त्यामुळे जुन्या खाणींवर ४ रुपये २० पैसे.

साडेचार रुपये थोडे वाटतात, पण कोट्यवधी टनांवर ही रक्कम डोंगराएवढी होते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला इतका पैसा पूर्वी कधी मिळालेला नाही. या पैशाचा बहुतांश भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला-बालके अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च व्हायला हवा. आणि अनुसूचित क्षेत्रात त्याच्या आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते, वर्षाअखेरीस झालेल्या कामाचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. हे प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिले आहे.

मी गावागावांत ग्रामसभांच्या प्रशिक्षणासाठी जाते. वनहक्क म्हणजे काय हे आता बहुतेक ठिकाणी पोरांना तोंडपाठ आहे. तेंदूच्या शेकड्याचा भाव विचारा, बांबूच्या बंडलाचा विचारा, लगेच सांगतात. खनिज प्रतिष्ठानच्या पैशाचा आराखडा तुमच्या ग्रामसभेपुढे शेवटचा कधी वाचला, असे विचारले की शांतता पसरते. एका गावात एक वयस्क माणूस म्हणाला, "बाई, तो पैसा साहेबाचा आहे ना?" त्याला साडेचार रुपयांचे गणित फळ्यावर मांडून दाखवले, तर त्याने खडू माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा एकदा मांडून पाहिले.

इथे एक जुनी गोष्ट आठवते, जी आपल्या जयंतीच्या भाषणांत फारशी येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर आणि त्यातून कामगारांची घरे, पाणी, दवाखाने. खनिजावर वेगळी पट्टी लावून ती तिथल्या माणसासाठी बाजूला काढायची, ही कल्पना २०१५ मध्ये आकाशातून पडलेली नाही. मात्र बाबासाहेबांचा निधी कामगारापर्यंत हक्क म्हणून जात होता. आज गावात जो दवाखाना, जी शाळा, जे फुटबॉलचे मैदान दिसते, त्यातले किती हक्काच्या निधीतून आणि किती कंपनीच्या सामाजिक दायित्वातून, हे गावाला सांगता येत नाही. फलकावर नाव ज्याचे, उपकार त्याचा, असा हिशेब लोक करतात. येकेपातही असाच होत असणार.

चंद्रपूर आधीच तिथे पोचले आहे

गडचिरोलीचे काय होईल याची कल्पना करायची तर चंद्रपूर शेजारीच आहे. एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली. आज वेकोलिच्या खाणी, २९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र, घुग्घूस-गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट, बल्लारपूरचा कागद, असे सगळे आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक पट्ट्यांची जी क्रमवारी काढली त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले. शहराला आणि वीज केंद्राला दोघांनाही इरई धरणाचेच पाणी लागते, त्यामुळे पावसाळा कमी झाला की पहिली चिंता कुणाची करायची यावर दरवेळी चर्चा होते. चंद्रपूरच्या विजेवर राज्यातले दिवे लागतात आणि चंद्रपूरचे पोरगे दुर्गापूरच्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर राख उपसते.

यात एक बारकावा आपल्या समाजाने कधी नीट मोजला नाही. कोळसा खाणीत जमीन गेली तर दोन एकरामागे एक नोकरी, हा कोल इंडियाच्या धोरणातला सूत्रबद्ध नियम आहे. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला नोकरी. ज्या घराकडे कधी सातबाराच नव्हता, जे दुसऱ्याच्या शेतात निंदणी-कापणी करून जगले, त्याचे शेत बुडत नाही, फक्त काम बुडते. राजुरा, भद्रावती, वरोरा या पट्ट्यातील बौद्ध वस्त्या पाहा. मोबदल्याच्या यादीत आपली नावे कमी आणि पुनर्वसित गावाच्या कडेच्या झोपड्यांत जास्त. लायबेरियात वसाहतकऱ्यांची घराणी, इथे सातबारा. खनिजाचा फायदा ज्या दारातून आत येतो त्या दाराची किल्ली आधीपासून कुणाकडे तरी असते.

राजकारण: जागा आदिवासींच्या, निर्णय बाहेरचे

गडचिरोली जिल्ह्यात विधानसभेच्या तीन जागा आहेत, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी. तिन्ही अनुसूचित जमातीसाठी राखीव. गडचिरोली-चिमूर लोकसभाही राखीव, २०२४ मध्ये ती काँग्रेसचे नामदेव किरसान यांनी जिंकली. जिल्ह्यात अनुसूचित जमाती सुमारे ३९ टक्के आणि अनुसूचित जाती सुमारे ११ टक्के आहेत. बाकी अर्धे ओबीसी आणि इतर. कागदावर पाहिले तर आदिवासी प्रतिनिधित्व भरपूर आहे.

प्रत्यक्षात २०२४ ला अहेरीत जी लढत झाली ती एकाच राजघराण्यातील बाप, मुलगी आणि पुतण्या यांच्यात. वेगवेगळे झेंडे, एकच वाडा. हे कोणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. प्रतिनिधी राखीव जागेचा असला तरी त्याला तिकीट, पैसा आणि मंत्रिपद बाहेरून मिळते, मग तो उत्तरही बाहेरच देतो. पालकमंत्रिपद आता स्वतः मुख्यमंत्र्यांनी ठेवले आहे. काहींना हे जिल्ह्याचे भाग्य वाटते. माझ्या मते यातून एवढेच कळते, की लोखंडाचा निर्णय जिल्हा परिषदेत होणार नाही.

राज्यशास्त्रात एक जुने निरीक्षण आहे. जे सरकार लोकांच्या करावर चालते त्याला लोकांना उत्तर द्यावे लागते. जे सरकार जमिनीखालच्या खंडावर चालते त्याला लोकांची गरज कमी भासते. लायबेरियात टबमन यांनी खाणींच्या महसुलातून सत्तावीस वर्षे राज्य चालवले, विरोधी पक्ष जवळजवळ संपवला, आणि देशात कोणाला ते फार खटकलेही नाही, कारण रस्ते होत होते. गडचिरोलीतही रस्ते होत आहेत. ते व्हायलाच हवेत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटायचे, ते सगळ्यांनी भोगले आहे. पण जो रस्ता हवा म्हणतो तो खाणीच्या बाजूचा आणि जो खाणीचा हिशेब मागतो तो रस्त्याच्या विरोधातला, अशी वाटणी गावात होऊ लागली आहे.

माओवाद गेल्यावर हिशेब मागणाऱ्याची जागा मोकळी व्हायला हवी होती. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. ते कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे असे सरकार म्हणते. त्यातली व्याख्या इतकी सैल आहे, की ग्रामसभेच्या ठरावासाठी मोर्चा काढणाऱ्या पोराच्या आईला आज रात्री झोप येत नाही. माओवाद्यांनी हिशेब मागणाऱ्याला 'खबरी' म्हटले. आता त्याला दुसरे नाव मिळू नये.

मोन्रोव्हियाकडून काय घ्यावे

लायबेरिया म्हणजे नुसता विध्वंस असे चित्र डोक्यात राहू नये. युद्धानंतर त्यांनी जे केले ते आपल्या राज्याने केलेले नाही.

२००५ मध्ये हंगामी सरकारने निंबाचे लोखंड मित्तल स्टीलला दिले. करारात कंपनीला मोठ्या सवलती होत्या, खनिजाची किंमत ठरवण्याची मोकळीक होती, रेल्वे आणि बंदर जवळजवळ तिच्याच ताब्यात जात होते. एलेन जॉन्सन सरलीफ निवडून आल्यावर त्यांनी तो करार पुन्हा उघडला आणि २००६ च्या डिसेंबरात बदलून घेतला. छोटा, कर्जबाजारी, युद्धातून उठलेला देश जगातल्या सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीशी पुन्हा वाटाघाटीला बसला. त्या करारानुसार निंबा, बाँग आणि ग्रँड बासा या तीन प्रांतांना दरवर्षी ३० लाख डॉलरचा सामाजिक विकास निधी मिळतो. २००९ मध्ये खनिज, लाकूड, शेती यांचे करार आणि भरलेले पैसे जाहीर करण्याचा कायदा झाला. त्यांच्याकडे मोठे खाण करार संसदेत मंजूर होऊन कायदा म्हणून छापले जातात. कुणीही विद्यार्थी ते वाचू शकतो. आपल्याकडे दावोसला करार होतात, आकडा वर्तमानपत्रात येतो आणि कराराचा कागद कुणाच्या हाती लागत नाही. खनिज क्षेत्राच्या पारदर्शकतेसाठी जी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, तिचा भारत सदस्यही नाही.

मग तिकडे सगळे ठीक झाले का? नाही. २०१३ मध्ये त्यांच्याच यंत्रणेने करवून घेतलेल्या तपासणीत ६८ पैकी ६२ परवाने कायद्याची प्रक्रिया नीट न पाळता दिलेले निघाले. प्रांतांच्या विकास निधीवर आमदारांचा हात असतो ही तक्रार तिथेही आहे. खनिजाची रेल्वे एकाच कंपनीने वापरायची की इतरांनाही खुली करायची यावर त्यांच्या संसदेत वर्षानुवर्षे वाद चालला. पण ६८ पैकी ६२ हा आकडा त्यांच्याकडे आहे. २०२३ च्या निवडणुकीत जॉर्ज विया थोडक्या मतांनी हरले, त्यांनी पराभव मान्य केला आणि जानेवारी २०२४ मध्ये जोसेफ बोआकाय शांतपणे सत्तेवर आले. २०१८ चा त्यांचा जमीन हक्क कायदा पारंपरिक सामूहिक जमिनीवर गावाची मालकी मानतो.

मालकीचा तो मुद्दा आपल्याकडे त्यांच्याही आधी पुढे गेला होता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या बांबूवर बल्लारपूरचा कागद कारखाना पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्याचा भाव पहिल्यांदा गावाने ठरवला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर आणखी वेगळे केले. २०१२ मध्ये हजारेक हेक्टर जंगल हाती आल्यावर त्यांनी तेंदूपत्ता तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लावल्या जातात. कमाई सोडली आणि बांबूवर भर दिला. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली. बांबू आणि तेंदूचा हिशेब गाव ठेवू शकते, हे पंधरा वर्षांत सिद्ध झाले आहे. लोखंडाचा हिशेब ठेवायला वेगळी बुद्धी लागत नाही, कागद हातात पडावा लागतो.

आपण कुठे उभे आहोत

आता तो पुढे ढकललेला प्रश्न. पेसा, अनुसूचित क्षेत्रातील नोकर भरती, वनहक्क यांवरून जिल्ह्यात आदिवासी, ओबीसी आणि बौद्ध यांच्यात गेल्या दहा वर्षांत कडवटपणा आला आहे. आपलेही काही कार्यकर्ते पेसामुळे आपला हक्क गेला असे चौकात बोलतात. ज्यांनी शिकून आधी नोकरी घेतली, शहर गाठले, त्यांना लायबेरियाच्या किनाऱ्यावरच्या वसाहतकऱ्यांची गोष्ट थोडी टोचायला हवी. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षाभूमीपासून सुरजागड दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर आहे. आपले किती मोर्चे तिकडे गेले?

आणि स्वार्थ पाहायचा तरी तो ग्रामसभेतच आहे. सामूहिक वनहक्क हा ग्रामसभेचा असतो, त्यात गावातला प्रत्येक प्रौढ माणूस येतो. गोंड, माडिया, ढिवर, गोवारी, बौद्ध, सगळे. पेसाखालच्या पाच टक्के अबंध निधीतून काय करायचे हेही तिथेच ठरते. ज्या बैठकीला आपण जात नाही, तिथे आपल्या वस्तीची नाली यादीत येत नाही, एवढे साधे आहे.

वैयक्तिक वनहक्काच्या दाव्यात मात्र आपल्याला खास अडचण आहे. आदिवासी नसलेल्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या भागात वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. म्हणजे १९३० च्या आधीचा पुरावा. याच अटीवर आपले कितीतरी दावे पडून आहेत. पंच्याहत्तर वर्षे जमीन कसल्याचा पुरावा द्या, असे दावेदारांना सांगितल्याचे मी स्वतः ऐकले आहे. कायद्यात ७५ वर्षे वास्तव्याची आहेत. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की पुरतो. हा फरक दावा भरून देणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत हवा.

पुरावाही वाटतो तितका दुर्मीळ नाही. निस्तारपत्रक, जुना अधिकार अभिलेख, गावातील दावेदार नसलेल्या वृद्धाचे लेखी निवेदन, हे सगळे नियमांना चालते. त्याहून जवळचा एक कागद आपल्या घरात विसरला गेला आहे. विदर्भात गावातल्या जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात होत असे आणि अनेक गावांत कोतवाल आपलाच आजा-पणजा होता. गावाच्या चौकटीबाहेर उभा राहून त्याने सगळ्या गावाचा हिशेब ठेवला, जातीच्या रकान्यासकट. ती बुके तहसीलच्या अभिलेख कक्षात बांधून ठेवलेली आहेत. नक्कल मिळवण्यासाठी अर्ज करावा लागतो. गावाचे जुने नाव, पणजोबाचे नाव आणि अंदाजे साल लिहावे. १९५६ पूर्वीच्या नोंदीत जात वेगळी लिहिलेली असेल, तर अर्जासोबत कुटुंबाची वंशावळ शपथपत्रावर जोडावी. सामूहिक हक्काच्या दाव्यालाही वास्तव्याचा हाच कागद उपयोगी पडतो, म्हणून आपल्या घराची नक्कल काढायला गेलेल्याने त्याच फेरीत शेजारच्या ढिवर आणि गोवारी घरांची नावेही सोबत न्यावीत.